वस्ती पायी बघा: मुलाबाळांसह राहायला उपनगर निवडताना

घर बहुतेकदा सुट्टीच्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास दाखवतात. शाळा बंद, कारखाने बंद, रस्त्यावर गाड्या तुरळक. त्या वेळी कुठलीही वस्ती शांत आणि मुलांसाठी उत्तमच दिसते. घर पसंत पडलं की आतल्या फरशा, नळ, कपाटं सगळं तपासलं जातं, पण दाराबाहेरच्या एका किलोमीटरची तपासणी गाडीच्या काचेतूनच उरकली जाते.

घर घेण्याआधी परिसराची पाहणी करून देणं हे आमचं काम. तरी या पत्रकातल्या बहुतेक गोष्टी तुम्ही स्वतः, जवळजवळ फुकटात तपासू शकता, आणि आधी तपासाव्यात असं आम्हाला वाटतं. आमचा मुख्य प्रश्न एकच असतो: इथलं नऊ-दहा वर्षांचं मूल कोणीही गाडीत न बसवता काय काय करू शकतं? शाळेत जाऊ शकतं का? मित्राकडे, मैदानावर, वही आणायला दुकानात? उत्तर ‘काहीच नाही’ असेल, तर पुढची आठ-दहा वर्षं आईबाबांची संध्याकाळ मुलांना ने-आण करण्यातच जाणार.

कधी जायचं, काय न्यायचं

निदान चार फेऱ्या हव्यात. शाळेच्या दिवशी शाळा भरण्याआधीचा अर्धा तास, कामाच्या दिवशी लोक घरी परतण्याची वेळ, रात्री दहानंतर, आणि जोराचा पाऊस पडून गेल्यावर लगेच. शाळांच्या सुट्टीत केलेली पाहणी अर्धीच समजा, कारण तेव्हा वाहतूक खोटी कमी असते.

सोबत ५ मीटरची टेप, स्टॉपवॉच असलेला फोन आणि चाकांची भरलेली बॅग घ्या. बॅगेवर हसू नका. घरापासून शाळेपर्यंत ती ओढत न्या. जिथे जिथे ती उचलावी लागते, तिथे तिथे बाबागाडी, तिचाकी सायकल आणि आजीची चाकांची खुर्चीही अडणार.

नकाशावरचं अंतर आणि पायाखालचं अंतर

जाहिरातीतलं ‘शाळा ५०० मीटरवर’ हे अंतर बहुधा सरळ रेषेतलं असतं. नव्या उपनगरांत बरेच रस्ते पुढे बंद होतात. अशी बंद गल्ली घरासमोर असली की छान, कारण भरधाव गाड्या येत नाहीत. पण मागच्या गल्लीतल्या मित्राकडे जायला मुख्य रस्त्याला वळसा घालावा लागतो. म्हणून एक साधा भागाकार करा: चालायचं अंतर भागिले सरळ अंतर. उत्तर १.३ च्या आसपास आलं तर रस्त्यांची जाळी चांगली आहे. २ च्या वर गेलं तर जवळच्या कामालाही तुम्ही गाडीच काढणार. दोन बंद गल्ल्यांना जोडणारी पायवाट असली तर हा आकडा झपाट्याने उतरतो. मात्र ती पायवाट सार्वजनिक आहे की कोणाच्या खासगी जागेतून जाते, हे विचारून घ्या. खासगी असेल तर उद्या तिथे कुंपण पडू शकतं.

वेळ मुलाच्या चालीने धरा. मोठा माणूस ताशी पाचेक किलोमीटर चालतो, तर दप्तर घेतलेलं सहा वर्षांचं मूल थांबत, बघत तीनच्या आसपास. मोठ्यांची दहा मिनिटं म्हणजे त्याची सोळा-सतरा.

फूटपाथची रुंदी सगळ्यात अरुंद जागी मोजा. आराखड्यातले २ मीटर वीजपेटी, झाड आणि फाटक यांच्यामध्ये ८० सेंटिमीटर होतात. दोघांना शेजारून जायला १.८ मीटर लागतात. १.२ पेक्षा कमी जागेत कोणीतरी रस्त्यावर उतरतो, आणि बहुतेकदा ते मूलच असतं. वाटेत फूटपाथ ओलांडून जाणारी किती फाटकं लागतात तेही मोजा. मागे येणाऱ्या गाडीच्या चालकाला मागच्या काचेखालचं मूल दिसत नाही, त्यामुळे प्रत्येक फाटक हे एक छोटं क्रॉसिंगच असतं.

रस्त्याचा वेग

वेगमर्यादेच्या पाटीवर विसंबू नका, वेग मोजा. रस्त्याकडेला ५० मीटर अंतरावरच्या दोन खुणा ठरवा, खांब चालतील. मग गर्दी नसताना किमान वीस गाड्यांची वेळ घ्या. ५० मीटर पार करायला ६ सेकंद लागले तर वेग ताशी ३० किलोमीटर, साडेचार सेकंद लागले तर ४०, आणि ३.६ सेकंद लागले तर ५०. गर्दीत मोजू नका, तेव्हा सगळेच हळू जातात.

हे आकडे का महत्त्वाचे, ते बघा. मूल अचानक समोर आलं तर चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. ३० च्या वेगाची गाडी त्या सेकंदासकट १३-१४ मीटरमध्ये पूर्ण थांबते. ५० च्या वेगाची गाडी तेवढ्या अंतरात ब्रेक लावायलाही सुरुवात करत नाही, आणि थांबायला तिला कोरड्या रस्त्यावरही सुमारे २७ मीटर लागतात. ओल्या रस्त्यावर त्याहून जास्त.

वेग ठरतो रस्त्याच्या आकाराने. सरळ, रुंद आणि दोन्ही बाजूंना मोकळा रस्ता असला की सज्जन माणूसही नकळत जोरात जातो. अरुंद मार्गिका, वळणं, उंचवटे, कडेची झाडं यांनी पाय आपोआप सैल पडतो. म्हणून ‘इथे लवकरच वेगमर्यादा येणार आहे’ या आश्वासनाला आम्ही फारसं वजन देत नाही.

सिग्नल असेल तर पादचाऱ्यांसाठीच्या हिरव्या दिव्याचे सेकंद मोजा, लुकलुकणारे सेकंदही धरून. पुष्कळ ठिकाणी हा हिशेब सेकंदाला १.२ मीटर चालीने केलेला असतो. त्या चालीने १४ मीटर रुंद रस्ता १२ सेकंदांत पार होतो. लहान मूल किंवा आजोबा सेकंदाला ०.९ मीटरच्या आसपास चालतात, म्हणजे त्यांना पंधरा-सोळा सेकंद हवेत. मध्ये थांबायला दुभाजक नसेल तर ही चार सेकंदांची तूट रोजची आहे असं समजा.

शाळा

शाळा जवळ असणं आणि तिथे प्रवेश मिळणं या वेगळ्या गोष्टी आहेत. जिथे पत्त्यावरून प्रवेश ठरतो, तिथे हद्द रस्त्याच्या मधूनही जाऊ शकते: समोरच्या घराला जागा, तुम्हाला नाही. शाळेत जाऊन घर क्रमांकासह विचारा. या पत्त्याला गेल्या तीन वर्षांत प्रवेश मिळाला का? प्रतीक्षायादी किती लांब होती? हद्द बदलण्याचा काही प्रस्ताव आहे का? मूल आज दोन वर्षांचं असेल तर तुम्हाला आजची हद्द लागू होणार नाही. आसपास नवी घरं वेगाने होत असतील आणि शाळेचे वर्ग तेवढेच असतील, तर हद्द आक्रसणार हे उघड आहे.

निकालाचे आकडे बघा, पण जपून. निकालात शिकवण्याइतकाच घरच्या परिस्थितीचाही वाटा असतो. एका वर्गात किती मुलं आणि दरवर्षी किती शिक्षक सोडून जातात, या दोन प्रश्नांतून आम्हाला जास्त कळतं. माध्यमिक शाळेचंही आत्ताच बघा. अकराव्या-बाराव्या वर्षी मुलाला तासभर लांब जावं लागणार असेल, तर ‘शाळेजवळचं घर’ काही वर्षांपुरतंच ठरतं.

मैदान

मैदान आहे की नाही यापेक्षा कामाच्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता तिथे कोण आहे, हे बघा. मुलं असतील तर बाकी बरंच जमलेलं असतं. रिकामं असेल तर कारण शोधा: सावली नसेल, वाटेत मोठा रस्ता असेल, आसपासच्या खिडक्यांतून मैदान दिसत नसेल, किंवा चार वर्षांवरच्या मुलांना कंटाळा येईल अशीच खेळणी असतील. दहा-बारा वर्षांच्या मुलांना नुसतं मोकळं, सपाट मैदानही पुरतं. त्यांची सोय मात्र सगळ्यात आधी विसरली जाते.

खेळण्यांखालची जमीन तपासा. काँक्रीट, डांबर किंवा तुडवून घट्ट झालेली माती चालत नाही. वाळू असेल तर हात खुपसून बघा, सुमारे ३० सेंटिमीटर मोकळी वाळू हवी. झोपाळ्याखाली आणि घसरगुंडीच्या तोंडाशी ती उडून जाते, आणि पडण्याची जागाही तीच. कठडे आणि शिड्यांमधल्या फटी मोजा. साधारण ९ ते २३ सेंटिमीटरची फट सगळ्यात धोक्याची, कारण तिच्यातून लहान मुलाचं अंग पार जातं आणि डोकं अडकतं. घराच्या बाल्कनीच्या गजांनाही हेच लागू, तिथे फट १० सेंटिमीटरपेक्षा कमी हवी.

आवाज आणि हवा

रात्रीच्या फेरीत, शक्य असल्यास मुलांच्या खोलीची खिडकी उघडून, पंधरा मिनिटं नुसतं ऐका. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१८ मध्ये रस्त्याचा आवाज रात्री सरासरी ४५ डेसिबलच्या खाली असावा अशी शिफारस केली. ही घराबाहेरच्या आवाजाची दीर्घकालीन सरासरी आहे, म्हणून फोनवरच्या अ‍ॅपचा पाच मिनिटांचा आकडा तिच्याशी थेट ताडू नका. फोन काही डेसिबलने चुकतोच. दोन घरांची तुलना एकाच फोनने करायला मात्र तो पुरेसा आहे. १० डेसिबलचा फरक कानाला साधारण दुप्पट वाटतो. उलट, सतत गाड्या असलेल्या रस्त्यापासूनचं अंतर दुप्पट केलं तरी मोकळ्या जागेत आवाज सुमारे ३ डेसिबलच घटतो. त्यामुळे ‘रस्त्यापासून थोडं आत’ याने फारसं साधत नाही. मधे इमारतींची रांग आली तर फरक पडतो. झाडांच्या एका ओळीने डोळ्यांना बरं वाटतं, एवढंच.

धुराचं गणित वेगळं आहे. वर्दळीच्या महामार्गाचा धूर पहिल्या १५०-२०० मीटरांत झपाट्याने विरतो, म्हणून तिथे थोडं अंतरही कामी येतं. मुलाची शाळाही याच पट्टीने मोजा, दिवसाचे सहा-सात तास ते तिथे श्वास घेणार आहे. जवळ हवामापन केंद्र असेल तर पीएम २.५ ची, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांची, वार्षिक सरासरी पाहा. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मार्गदर्शक पातळी घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. ती बहुतेक शहरांना गाठता येत नाही, म्हणून हा आकडा दोन वस्त्यांची तुलना करायला वापरा. कारखान्याचा किंवा कचरा डेपोचा वास मात्र पहाटे तपासा. वारा पडलेला असतो आणि थंड हवा जमिनीलगत साचते, तेव्हा दुपारी न येणारा वास येतो.

पाणी

पुराच्या नकाशावर ‘शंभर वर्षांतून एकदा’ असं लिहिलेलं दिसलं की लोक निश्चिंत होतात. त्याचा खरा अर्थ दरवर्षी १ टक्का शक्यता. ३० वर्षं त्या घरात राहिलात तर निदान एकदा पूर पाहण्याची शक्यता सुमारे २६ टक्के, म्हणजे चारात एक.

शिवाय नकाशे बहुधा नदीचे असतात, तुंबलेल्या गटारांचे नसतात. म्हणून पावसानंतरची फेरी. उताराच्या खालच्या टोकाला उभे राहा. भिंतींवर एकाच उंचीची डागाची रेघ, खालच्या भागात फुटलेला लोणा, नंतर उंच केलेले उंबरे, नेहमीपेक्षा बऱ्याच वर बसवलेली विजेची बटणं, जाळ्यांवर साचलेला गाळ, हे सगळं शेजाऱ्यांपेक्षा स्पष्ट बोलतं. तळघरात पार्किंग असेल तर पंप किती आहेत आणि वीज गेल्यावर ते कशावर चालतात, हे विचारा.

येणं-जाणं

रोज एका बाजूला ४५ मिनिटं म्हणजे आठवड्याला साडेसात तास. वर्षात ४८ कामाचे आठवडे धरले तर ३६० तास, पूर्ण पंधरा दिवस-रात्री. हा प्रवास एकदा खऱ्या वेळी, खऱ्या साधनाने करून बघा. बस दहा मिनिटांनी असेल तर वेळापत्रक बघावं लागत नाही. चाळीस मिनिटांनी असेल तर एक चुकलेली बस म्हणजे पाळणाघरात उशिराने पोचणं.

वस्तीतून बाहेर पडायला वेगवेगळे रस्ते किती, हेही मोजा. एकच असेल तर अपघात, खोदकाम किंवा पाणी भरल्यावर रुग्णवाहिकाही तिथेच अडते. लहान मुलांचे तातडीचे उपचार होतात अशा रुग्णालयापर्यंतचा वेळ संध्याकाळच्या गर्दीत काढा. रात्री तिथे बालरोगतज्ज्ञ असतात का, हे फोन करून विचारा. नुसती पाटी पुरत नाही.

कोणाला काय विचारायचं

‘परिसर कसा आहे?’ याला सगळे ‘चांगला’ म्हणतात. शाळेच्या फाटकाशी थांबलेल्या पालकांना नेमकं विचारा: मुलं एकटी कुठवर जातात? गेल्या वर्षी पाणी किती दिवस आलं नाही? इथून कोण सोडून गेलं, आणि का?

गुन्ह्यांचे आकडे दर हजार लोकसंख्येमागे आणि प्रकारानुसार बघा. मोठा बाजार असलेल्या वस्तीचा आकडा दुकानांतल्या चोऱ्यांनी फुगतो, कारण गिऱ्हाईक बाहेरचं असतं आणि भागाकार मात्र रहिवाशांच्या संख्येने होतो. घरफोडी आणि रस्त्यावरची मारहाण वेगळी काढून पाहा.

खिडकीसमोर मोकळी जागा असेल तर स्थानिक प्रशासनाचा विकास आराखडा उघडा. विक्रेता जिला हिरवळ म्हणतो, ती आराखड्यात रुंद रस्त्याची पट्टी असू शकते.

निर्णय

गुणांची बेरीज करून वस्ती निवडू नका. उत्तम मैदानाने पूर भरून निघत नाही. पूर, शाळेच्या वाटेवरचं असुरक्षित क्रॉसिंग आणि बाहेर पडायचा एकच रस्ता, या तिघांपैकी एकही असेल तर आम्ही आधी नकारच सुचवतो. बाकीच्या गोष्टींत तडजोड चालते, आणि ती प्रत्येक घराची वेगळी असते: तान्ह्या बाळाला रात्रीची शांतता हवी, तेरा वर्षांच्या मुलीला शेवटची बस.

आमच्याकडून पाहणी करून घ्यायची असेल तर तुमच्या चार फेऱ्यांच्या नोंदी, तारीख आणि वेळेसह, सोबत आणा. दोन फेऱ्यांचे आकडे जुळत नसतील, तर आम्ही तिथूनच सुरुवात करतो.