पिचर ड्राफ्ट करणं वेगळं, घडवणं वेगळं: क्लीव्हलँडचंच बघा

क्लीव्हलँडच्या बेसबॉल टीमबद्दल, म्हणजे आधीचे इंडियन्स आणि आताचे गार्डियन्स, एक वाक्य सारखं कानावर येतं की हे लोक पिचर (बॉल टाकणारे) काय भारी ड्राफ्ट करतात, म्हणजे नव्या पोरांमधून निवडतात, आणि पुढचं नाव हमखास कोरी क्लूबरचं. 2014 आणि 2017, दोनदा साय यंग अवॉर्ड, म्हणजे लीगमधला त्या वर्षीचा बेस्ट पिचर.

पण क्लूबरला क्लीव्हलँडने ड्राफ्ट केलंच नव्हतं! 2007 ला त्याला सॅन डिएगो पाड्रेसने चौथ्या राउंडला घेतलं, 2010 च्या जुलैत तीन टीम्सच्या ट्रेडमधे, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीत, तो इकडे आला आणि तेव्हा तो मायनर लीगमधेच, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या पातळीवर होता. मग 2012 ला क्लीव्हलँडच्याच कोलंबसमधल्या ट्रिपल-ए (मायनर लीगची सगळ्यात वरची पायरी) टीमकडे असताना कोच रुबेन निएब्लाने त्याला टू-सीम फास्टबॉल (शेवटी थोडा वळणारा वेगवान बॉल) टाकायला लावला, आणि तिथून खरा क्लूबर दिसायला लागला. याला म्हणतात घडवणं. निवड पाड्रेसची, हात बसवला क्लीव्हलँडने.

फरक साधा आहे. ड्राफ्ट म्हणजे त्या दिवशी समोर असलेल्या कॉलेजच्या नाहीतर हायस्कूलच्या पोरांमधून कोणाचं नाव घ्यायचं ते, हे काम स्काउटचं. त्यानंतर स्पीड वाढवणं, नवीन बॉल शिकवणं, कंट्रोल आणणं, खांदा-कोपर सांभाळणं, ही सगळी मायनर लीगमधली तीन-चार वर्षांची मेहनत, आणि ती करणारी माणसं वेगळी असतात.

गोंधळ कुठे होतो, तर शेन बीबरसारख्या केसमधे, जिथे दोन्ही एकाच टीमने केलं. सांता बार्बराच्या कॉलेजमधे तो स्कॉलरशिपशिवाय टीममधे आलेला, स्पीड बेताचा पण बॉल पाहिजे तिथे टाकणारा. 2016 ला चौथ्या राउंडला, एकूण 122 व्या नंबरवर घेतला. आता कंट्रोल ओळखला याचं श्रेय स्काउटना द्यायलाच हवं, पण स्पीड नंतर वाढला तो टीमकडे आल्यावर. 2020 च्या छोट्या सीझनमधे त्याने 12 मॅचमधे 122 स्ट्राइकआउट काढले (बॅट्समनला तीन स्ट्राइकवर बाद करणं), ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेले रन, कमी तितकं चांगलं) 1.63, आणि साय यंग एकमताने. नंबर 122 आणि स्ट्राइकआउटही 122, हा योगायोग मला फार आवडतो.

नुसते पिचर गोळा केले म्हणजे झालं असंही नाही. 2021 च्या ड्राफ्टला एंजल्स या दुसऱ्या टीमने 20 पैकी 20 पिचर घेतले, क्लीव्हलँडने 21 पैकी 19, म्हणजे कागदावर दोघांचा विचार जवळजवळ सारखाच. पण क्लीव्हलँडच्या त्या गठ्ठ्यातून पाचव्या राउंडचा टॅनर बायबी निघाला, ड्राफ्टनंतर स्पीड वाढवून 2023 ला मेजर लीगमधे आला, ईआरए 2.98, आणि अमेरिकन लीगच्या रूकी ऑफ द इयरमधे (वर्षातला बेस्ट नवखा खेळाडू) दुसरा.

आणि अजून एक, ह्यूस्टनच्या टीमने घडवलेल्या पिचर फ्रॅम्बर वाल्डेझला ड्राफ्टच्या हिशोबात धरू नका. डॉमिनिकन रिपब्लिकमधे राहणारी पोरं ड्राफ्टमधे येतच नाहीत, त्यांना टीम थेट साइन करतात, आणि त्याला 2015 ला फक्त 10,000 डॉलरमधे, वयाच्या 21 व्या वर्षी घेतलेलं. तिकडे हे वय उशिराचं, बरीच पोरं सोळाव्या वर्षीच साइन होतात.