'ऱ्हायनो'तला 'ऱ्ह'

शूर्पणखेचं नाक पंचवटीत कापलं गेलं म्हणून गावाचं नाव नाशिक, हे इथल्या पोराला शाळेत जायच्या आधीच ठाऊक असतं. (नऊ शिखरांवरून नाव पडलं म्हणणारेही आहेत, पण ते रामकुंडावर सांगून बघा.) दुसऱ्या शतकात टॉलेमीने ग्रीकमध्ये लिहिलेल्या भूगोलातही 'नासिका' आहे. नाक घडवण्याच्या शस्त्रक्रियेचं नावही ग्रीकच. आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या या गावात ते दोन तऱ्हांनी ऐकू येतं: 'रायनोप्लास्टी' आणि 'ऱ्हायनोप्लास्टी'. दुसरं म्हणणाऱ्याला लोक हसतात.

हसू नये. ग्रीकमध्ये नाक म्हणजे 'ऱ्हिस', समासात 'ऱ्हिन'. शब्दाच्या सुरुवातीचा 'र' प्राचीन ग्रीक लोक श्वास सोडून उच्चारत. तो श्वास दाखवायला रोमनांनी आरपुढे एच लिहिला. इंग्रजीने स्पेलिंग सांभाळलं, श्वास टाकून दिला. आपल्या 'ऱ्हास'मध्ये तो अजून आहे. त्यामुळे अक्षरं बघून वाचणारा मराठी विद्यार्थी इंग्रजीत चुकतो आणि ग्रीकच्या जवळ पोचतो. गंमत म्हणजे इंग्रजी 'नोज', लॅटिन 'नासुस' आणि आपली 'नासा' एकाच कुळातल्या. 'ऱ्हिस' त्या कुळातला नाही.

खरी अडचण आघाताची, म्हणजे उच्चारातल्या जोराची. मराठीत आपण शब्दाचे अवयव (सिलेबल) जवळपास सारख्या वजनाने म्हणतो. इंग्रजीत राय-नो-प्लास-टी या चारांपैकी जोर 'राय'वर, थोडासा 'प्लास'वर, आणि जोडणारा 'नो' हलका. पण 'लॉजी' जोडलं की जोर त्याच्या आधीच्या अवयवावर सरकतो: राय-नॉ-ल-जी. गेंड्याचंही तसंच, राय-नॉ-स-रस. 'केरास' म्हणजे शिंग, नाकावर शिंग असलेला तो. मूळ तेच, वजन मात्र जागा बदलतं.

'प्लास्टी'च्या मागे 'प्लास्सेइन' हे क्रियापद आहे: माती, मेण यांना आकार देणं. कारखान्यातल्या प्लास्टिकच्या कितीतरी आधीचं. सुश्रुतसंहितेत नाक जोडण्याची रीत आहेच. पण युरोपला धक्का बसला तो 1794च्या ऑक्टोबरात, लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मधल्या पत्राने. इंग्रजी फौजेतला बैलगाडीवान कावसजी 1792च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराहून अधिक काळ तो नाकाविना राहिला. मग पुण्याजवळच्या एका माणसाने कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक करून दिलं. पत्रात त्या कारागिराचं नाव नाही, जात आहे: विटा पाडणाऱ्यांची.

ते वाचून जोसेफ कार्प्यूने 1814 साली लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली. 1818 साली बर्लिनच्या कार्ल फॉन ग्रेफेने या विषयावर पुस्तक लिहिलं, 'ऱ्हिनोप्लास्टिक'. माती घडवणाऱ्याच्या कामाला माती घडवण्याचं क्रियापद लागलं, तेही ग्रीकमधून.