'आय ॲम द कॉसमॉस' नावाच्या दोन गोष्टी आहेत, एक १९७८ ची आणि एक १९९२ ची

क्रिस बेल या अमेरिकन रॉक गायक-गीतकाराबद्दल कुठेही विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, "अरे त्याचा तो अल्बम ना, १९७८ चा, आय ॲम द कॉसमॉस". आणि मला दरवेळी मध्येच थांबवून सांगावंसं वाटतं की १९७८ ला असा कुठलाच अल्बम आला नव्हता. आला होता तो एक सिंगल, म्हणजे मिनिटाला ४५ फेरे फिरणारी छोटी रेकॉर्ड, एका बाजूला एक गाणं आणि पलटली की दुसरं. त्याच नावाचा अल्बम आला १९९२ ला, बेलच्या मृत्यूला १३ वर्षं उलटल्यावर. नाव सेम असल्यामुळे लोक दोन्ही एकच समजतात पण फरक खूप मोठा आहे.

आधी थोडं मागचं. बेल अमेरिकेतल्या मेम्फिस शहराचा, बिग स्टार या रॉक बँडचा. बँडच्या १९७२ च्या पहिल्या अल्बमवर जोडीदार ॲलेक्स चिल्टनच्या बरोबरीने गाणी लिहिणारा आणि आवाजाची सगळी घडण बसवणारा हाच. समीक्षकांनी डोक्यावर घेतलं, पण डिस्ट्रिब्युशनची अशी बोंब होती की रेकॉर्ड दुकानात पोचलीच नाही धड, आणि ज्याने सगळा जीव त्यात ओतला होता तो पार खचला. त्याच वर्षाच्या शेवटी तो बँड सोडून गेला. बाकीच्यांनी पुढे चालू ठेवलं आणि नाव झालं ते चिल्टनचं, त्यामुळे आजही बरेच जण बेलची गाणी चिल्टनची म्हणून ऐकवतात, तो अजून एक घोळ.

मग एकट्याने काम सुरू झालं. 'आय ॲम द कॉसमॉस' हे गाणं मेम्फिसमधल्या शू नावाच्या छोट्या स्टुडिओत झालं, १९७४ च्या सुमारास, ड्रमवर रिचर्ड रोझब्रो, बेसवर केन वुडली. त्यानंतर मोठा भाऊ डेव्हिड त्याला युरोपात घेऊन गेला, फ्रान्समधल्या शातो देरूव्हिल या स्टुडिओत रेकॉर्डिंग झालं, लंडनला जेफ एमरिकने, म्हणजे बीटल्सच्या इंजिनिअरने मिक्सिंग केलं, एवढं सगळं होऊनही एकही मोठी कंपनी घ्यायला तयार नाही. टेप पडून राहिल्या. शेवटी १९७८ मध्ये क्रिस स्टेमी या तरुण संगीतकाराने आपल्या कार रेकॉर्ड्स या छोट्याशा लेबलवर दोन गाणी काढली. तेव्हा बेल घरच्या रेस्टॉरंटच्या धंद्यात काम करत होता. त्याच वर्षी २७ डिसेंबरला पहाटे मेम्फिसमध्ये त्याची गाडी खांबावर आदळली आणि तो गेला, वय २७.

म्हणजे त्याच्या हयातीत त्याच्या एकट्याच्या नावावर बाहेर आलं ते एवढंच, दोन गाणी. म्हणून सिंगलकडे मी वेगळ्या नजरेने बघते. पहिल्या बाजूला कॉसमॉस, ज्याचं नाव ऐकून वाटतं की कोणीतरी फार मोठं काहीतरी बोलतोय, पण गाण्यात तो रोज रात्री स्वतःला समजावतोय की मी म्हणजे हे अख्खं विश्व, आणि लगेच कबूल करतो की असं म्हणून सोडून गेलेली ती काही परत येत नाही. गिटारचा आवाज एवढा भरलेला की त्याचा आवाज त्यातून वर यायला धडपडतो, आणि शेवटाकडे तुला परत बघायचंय एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहतो. मग रेकॉर्ड उचलायची, पलटायची, सुई ठेवायची आणि 'यू अँड युअर सिस्टर' सुरू, नुसती अकूस्टिक गिटार, तंतुवाद्यं आणि मागे हळूच दुसरा आवाज येतो तो चिल्टनचा! ज्या बँडमधून बाहेर पडला तिथलाच जोडीदार मागे उभा राहून गातोय. मधल्या त्या काही सेकंदांच्या शांततेने दोन गाणी एकमेकांना उत्तर दिल्यासारखी होतात.

अल्बममध्ये ते होत नाही. रायकोडिस्क या रेकॉर्ड कंपनीने १९९२ ला जे काढलं त्यात १२ गाणी आणि शेवटी ३ वेगळी व्हर्जन्स, आणि 'यू अँड युअर सिस्टर' पाचवं, म्हणजे मध्ये तीन गाणी. कॉसमॉस संपलं की थेट 'बेटर सेव्ह युअरसेल्फ' अंगावर येतं, जड, घुसमटलेलं. हा क्रम बेलने लावलेला नाही, अल्बम म्हणून ही गाणी एकत्र बघायला तो नव्हताच. त्यामुळे कोणी "या अल्बममधून त्याला असं सांगायचं होतं" वगैरे लिहिलं की मला पटत नाही, ते निवडणाऱ्यांचं काम आहे, प्रेमाने केलेलं आहे, पण त्यांचंच.

तरी अल्बम नसता तर आपल्याला निम्मा बेल कळलाच नसता हेही खरं. बँड सुटल्यानंतरच्या काळात तो ख्रिस्ती श्रद्धेकडे खूप ओढला गेला होता आणि ते सिंगलमध्ये दिसतच नाही, ते 'बेटर सेव्ह युअरसेल्फ'मध्ये आहे, 'लुक अप'मध्ये आहे. शिवाय 'आय गॉट काइंडा लॉस्ट'सारखं गाणं ऐकलं की पहिल्या बिग स्टारचा तो खणखणीत गिटारचा आवाज नक्की कोणाकडून आला होता ते लगेच लक्षात येतं.

आणि शेवटच्या तीन व्हर्जन्समध्ये कॉसमॉसचं एक स्लो व्हर्जन आहे, ते मात्र पहिल्याच दिवशी ऐकू नका. पहिल्यांदा ऐकताना अल्बम लावला तरी चालेल पण पहिलं गाणं झालं की थेट पाचव्यावर जा आणि तिथे बंद करा, म्हणजे १९७८ ला जेवढं बाहेर आलं तेवढंच तुमच्या कानावर पडेल. बाकीची १३ दुसऱ्या दिवशी, सावकाश.