अलाइड हेल्थ असोसिएट पदवी (अमेरिका)

क्ष-किरण तंत्रज्ञ, श्वसनोपचारक, डेंटल हायजिनिस्ट (दातांची स्वच्छता करणारे), फिजिओथेरपी सहायक यांसारख्या आरोग्यसेवेतील व्यवसायांत प्रवेश मिळवून देणारी आणि प्रामुख्याने अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांत (प्रामुख्याने दोन वर्षांचे शिक्षण देणाऱ्या स्थानिक सार्वजनिक महाविद्यालयांत) शिकवली जाणारी, चार वर्षांच्या पदवीच्या खालची पदवी. ती साधारणपणे ६० ते ७० क्रेडिटची (क्रेडिट म्हणजे अभ्यासाचा भार मोजण्याचे एकक) असते आणि तिचा उल्लेख दोन वर्षांची पदवी असाच होतो; परंतु शरीररचना व शरीरक्रियाशास्त्र, वैद्यकीय परिभाषा, बीजगणित, इंग्रजी निबंधलेखन असे विषय बहुधा मुख्य अभ्यासक्रमाला प्रवेश मिळण्याआधीच उत्तीर्ण व्हावे लागत असल्यामुळे पुष्कळ विद्यार्थ्यांना ती पुरी करण्यास तीन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना हा हिशेब आधीच सांगितला गेला पाहिजे.

इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ मध्ये स्थापन झालेले ज्युनिअर कॉलेज (कम्युनिटी कॉलेजांचे जुने नाव) हे आजही चालू असलेले सर्वांत जुने सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज मानले जाते. अशा महाविद्यालयांचे जाळे देशभर उभारावे, अशी शिफारस राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने १९४७ मध्ये केली. क्ष-किरण तंत्रज्ञ तोवर बहुतांशी रुग्णालयांतच काम करता करता तयार होत. १९६५ मध्ये मेडिकेअर (मुख्यतः वृद्धांसाठी) व मेडिकेड (गरिबांसाठी) या सरकारी आरोग्यविमा योजना आल्या आणि पुढच्याच वर्षी या व्यवसायांच्या प्रशिक्षणाला अर्थसाहाय्य देणारा केंद्रीय कायदा झाला. हे शिक्षण हळूहळू महाविद्यालयांकडे सरकले. रेडिओग्राफर (क्ष-किरण तंत्रज्ञ) म्हणून राष्ट्रीय नोंदणी मिळवू इच्छिणाऱ्यांना २०१५ पासून किमान असोसिएट पदवी सक्तीची आहे.

कम्युनिटी कॉलेजचे दार सर्वांना खुले असले, तरी या शाखांचे तसे नाही. रुग्णालयांत प्रशिक्षणार्थींसाठी जागा मोजक्या असल्याने प्रवेश गुणांकनाने, प्रवेश परीक्षेने किंवा प्रतीक्षायादीने दिला जातो. लसीकरणाच्या नोंदी, क्षयरोगाची तपासणी, गुन्हेगारी पार्श्वभूमीची पडताळणी आणि सीपीआरचे (हृदय बंद पडल्यास द्यायच्या प्रथमोपचाराचे) प्रमाणपत्र या गोष्टी सहसा रुग्णालयात पाऊल ठेवण्यापूर्वीच लागतात. बहुतेक ठिकाणी नवी तुकडी वर्षातून एकदाच सुरू होते. म्हणून एखाद्या विषयात ‘सी’पेक्षा कमी श्रेणी मिळाली, तर विद्यार्थ्याचे सबंध वर्ष जाऊ शकते.

या पदवीचा खरा गाभा म्हणजे रुग्णालयातील प्रशिक्षण. रेडिओग्राफीचा विद्यार्थी छातीचा क्ष-किरण फोटो काढायला शिकतो, तेव्हा तो प्रथम रुग्णाचे नाव व जन्मतारीख डॉक्टरांच्या मागणीपत्राशी ताडून पाहतो, खांदे पुढे वळवायला लावतो, उजवी-डावी बाजू दाखवणारी शिशाची खूण चौकटीत लावतो आणि दीर्घ श्वास घेऊन रोखायला सांगतो. त्या तपासणीत तो सक्षम ठरेपर्यंत पात्र तंत्रज्ञाने त्याच्या जवळ उभे राहिले पाहिजे, असा नियम आहे. सक्षम ठरल्यानंतरही फोटो बिघडून पुन्हा काढावा लागला, तर तंत्रज्ञाची उपस्थिती लागतेच, कारण त्या दुसऱ्या फोटोमुळे रुग्णाला किरणोत्साराची आणखी मात्रा मिळते. विद्यार्थ्याच्या छातीवरचा बिल्ला त्याला स्वतःला मिळालेली मात्रा नोंदवतो. डेंटल हायजीनचे विद्यार्थी महाविद्यालयाच्याच दवाखान्यात शिकतात आणि त्यासाठी लागणारे रुग्ण पुष्कळदा त्यांनाच मिळवावे लागतात. अभ्यासाबरोबर हे ओझे पेलणे सोपे नसते.

पदवी हाती आली म्हणजे लगेच काम करता येते असे नाही. राष्ट्रीय परीक्षा आणि बहुतेक राज्यांत परवाना आवश्यक असतो. या परीक्षांना बसण्यासाठी अभ्यासक्रम मान्यताप्राप्त असावा लागतो, तेव्हा महाविद्यालयाची सर्वसाधारण मान्यता पाहून न थांबता त्या विशिष्ट अभ्यासक्रमाची मान्यता तपासणे अत्यावश्यक आहे. पुढे चार वर्षांची पदवी घ्यायची झाल्यास या पदवीच्या ‘उपयोजित विज्ञान’ प्रकारातील सर्व क्रेडिट विद्यापीठे स्वीकारतीलच असे नाही. हा या पदवीतील सर्वांत मोठा दोष होय.

न्यू जर्सीतील एडिसन या भारतीय वस्तीच्या गावी असलेल्या मिडलसेक्स कॉलेजात रेडिओग्राफी व डेंटल हायजीन हे दोन्ही अभ्यासक्रम आहेत. भारतात दंतवैद्यक शिकून अमेरिकेत आलेल्यांपैकी काहीजण डेंटल हायजीनचा मार्ग पत्करतात. नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या, एच-४ या व्हिसावर असलेल्या जोडीदारांना शिक्षण घेण्याची मुभा असते, पण नोकरीसाठी वेगळी परवानगी लागते आणि कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांसाठीचे केंद्र सरकारचे पेल अनुदान त्यांना मिळत नाही.