शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी

महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद, पुणे शालेय विद्यार्थ्यांसाठी राज्यभर एकाच वेळी शिष्यवृत्ती परीक्षा घेते. त्या परीक्षेसाठी शाळेत आणि घरी मुलांकडून करून घेतला जाणारा अभ्यास म्हणजे ही तयारी. बोलताना सगळे नुसते ‘स्कॉलरशिप’ म्हणतात. ‘यंदा आमची स्कॉलरशिपला बसलीय’ एवढे म्हटले की ऐकणाऱ्याला जादा तास, सराव प्रश्नपत्रिका, सुट्टीतले वर्ग हे सगळे कळते.

ही परीक्षा 1954-55 पासून चालत आली आहे. कितीतरी पिढ्यांनी ती चौथीत आणि सातवीत दिली. 2016-17 पासून ती पाचवी (पूर्व उच्च प्राथमिक) आणि आठवी (पूर्व माध्यमिक) या इयत्तांसाठी होऊ लागली. ती पुन्हा चौथी-सातवीला नेण्याचा निर्णय शासनाने 2025 मध्ये घेतला. पाचवी-आठवीच्या परीक्षेत दोन पेपर असतात. पहिल्यात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात तृतीय भाषा आणि बुद्धिमत्ता चाचणी. प्रत्येक पेपरला 75 प्रश्न, 150 गुण आणि दीड तास. म्हणजे एका प्रश्नाच्या वाट्याला 72 सेकंद येतात, आणि त्यातच प्रश्न वाचून उत्तरपत्रिकेवर बरोबर पर्यायाचा गोल रंगवायचाही असतो.

बुद्धिमत्ता चाचणी हा मुलांना सर्वांत नवा वाटणारा भाग, कारण त्यासाठी वर्गात वेगळा विषय नसतो. संख्यामालिका, समसंबंध, गटात न बसणारे पद, सांकेतिक भाषा, आरशातील आणि पाण्यातील प्रतिमा असे घटक त्यात येतात. इथे क्लृप्त्या पाठ करून घेण्याचा मोह फार होतो, आणि तयारी बिघडते ती बहुधा इथेच. एक नेहमीचे उदाहरण पाहा. रांगेत एक मुलगी डावीकडून 12वी आणि उजवीकडून 15वी आहे, तर रांगेत मुली किती? बरीच मुले 27 म्हणतात. 27 हा पर्याय दिलेलाही असतो, कारण मूल नेमके कुठे घसरेल हे प्रश्न काढणाऱ्याला ठाऊक असते. ‘बेरीज करून एक वजा कर’ असे सांगितले की उत्तर 26 येते खरे; पण पुढच्या प्रश्नात रांगेतल्या दोन मुलींच्या मध्ये किती मुली आहेत असे विचारले की तेच मूल तिथेही बेरीज करून एक वजा करून बसते. त्यापेक्षा पाच मुलांना फळ्यासमोर उभे करावे. मधला डावीकडून तिसरा, उजवीकडूनही तिसरा. तीन आणि तीन सहा होतात, पण उभे आहेत पाच. मधल्याला दोनदा मोजले हे मुलांना स्वतःलाच दिसते, आणि नियम ती आपापल्या शब्दांत मांडतात. यात अर्धा तास जातो, आणि तो जाऊ द्यावा. आरशातील प्रतिमेसाठीही आधी खरा आरसा मुलांच्या हाती द्यावा, नियम मागाहून.

उत्तरपत्रिका हाताळणे हा तयारीचा वेगळा भाग आहे. एक प्रश्न सोडून दिला आणि पुढच्याचे उत्तर त्याच्या गोलात रंगवले, तर खालची सगळी उत्तरे एका घराने सरकतात. दहा वर्षांच्या मुलाला हे लक्षात येते तेव्हा घंटा व्हायला आलेली असते, आणि शाईने रंगवलेला गोल खोडता येत नाही. म्हणून दर पाच प्रश्नांनंतर प्रश्नक्रमांक आणि गोलाचा क्रमांक जुळवून पाहण्याची सवय पहिल्या सराव चाचणीपासूनच लावावी. आठवीला आणखी एक मेख असते. काही प्रश्नांना दोन पर्याय बरोबर असतात आणि दोन्ही रंगवावे लागतात. ‘अयोग्य विधान कोणते’, ‘यांपैकी कोणते नाही’ अशा प्रश्नांत नकाराच्या शब्दाखाली रेघ मारायला शिकवले की घाईने जाणारे गुण वाचतात.

सराव प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा पुरतो; कमी पडते ते तपासल्यानंतरचे बोलणे. चुकलेल्या प्रश्नाशी ‘वाचण्यात चूक’, ‘आकडेमोडीत चूक’ की ‘आलेच नाही’ हे मुलाने स्वतः लिहिले, तर पुढच्या आठवड्यात काय शिकवायचे ते शिक्षकाला आपोआप कळते. निम्मा प्रश्नसंच नीट चर्चा करून सोडवणे हे रोज एक संच उरकण्यापेक्षा कितीतरी चांगले. जादा तासाला पेंगणाऱ्या मुलाला त्या दिवशी घरी पाठवावे.

पात्र ठरायला प्रत्येक पेपरमध्ये किमान 40 टक्के गुण लागतात. मात्र पात्र मूल आणि शिष्यवृत्तीधारक मूल यांत फरक आहे. शिष्यवृत्त्यांची संख्या मर्यादित असल्याने पैसे गुणवत्ता यादीतल्यांनाच मिळतात: 2023-24 पासून पाचवीसाठी वर्षाला 5,000 रुपये आणि आठवीसाठी 7,500 रुपये. पालकांनी हा फरक मुलाला परीक्षेआधीच सांगितलेला बरा. परीक्षेनंतर परिषद अंतरिम उत्तरसूची जाहीर करते आणि तिच्यावर आक्षेप मागवते. मुलाला शेजारी बसवून ती सूची पडताळताना एखादे उत्तर खटकले, तर आक्षेप नोंदवायची मुदत संपण्याआधी मुख्याध्यापकांना गाठावे.