थंडीच्या सकाळी नवी रायफल: गोळी खाली का लागते?

डिसेंबर-जानेवारीत बेळगावात पहाटेचा पारा १२-१३ अंशांपर्यंत उतरतो आणि खानापूरच्या बाजूचे धुके तर ऊन वर आले तरी लवकर हटत नाही. अशा सकाळी फायरिंग रेंजवर नवी रायफल तपासायला घेतली आणि गोळ्या मध्याच्या खाली लागू लागल्या, तर दोष रायफलचा, थंडीचा की आपल्या हाताचा, हे ठरवल्याशिवाय साइटला, म्हणजे नेम धरण्याच्या साधनाला, हात लावणे योग्य नाही. या तिन्हींच्या खुणा टार्गेटच्या कागदावर वेगवेगळ्या उमटतात.

सुरुवात काडतुसापासून करू. त्यातील धूरविरहित दारू मुख्यतः नायट्रोसेल्युलोजची असते आणि तिचा जळण्याचा वेग तिच्या स्वतःच्या तापमानावर अवलंबून असतो. रात्रभर गाडीत गारठलेल्या काडतुसातील दारू थोडी सावकाश जळते, नळीतील दाब कमी चढतो आणि गोळी नेहमीपेक्षा कमी वेगाने बाहेर पडते. पॉइंट टू-टू (०.२२ इंच व्यासाच्या नळीच्या) रायफलच्या गोळीचा वाटेतील सरासरी वेग सेकंदाला ३१० मीटर धरला, तर ५० मीटर अंतर कापेपर्यंत गुरुत्वाकर्षण तिला सुमारे १२.८ सेंटिमीटर खाली ओढते. वेग केवळ १० मीटरने घटला तरी ही घसरण १३.६ सेंटिमीटरवर जाते, म्हणजे गोळी आठ-नऊ मिलिमीटर आणखी खाली लागते. हा फरक क्षुल्लक वाटेल, परंतु या प्रकारात दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर असतो. गोळीची कड रेषेला शिवली तरी वरचा गुण मिळतो, ही सवलत धरूनही छिद्राचा मध्य केंद्रापासून ८ मिलिमीटरपलीकडे गेला की दहा हुकतो. निपाणीच्या पलीकडच्या कोल्हापूर जिल्ह्यातील तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे विश्वविजेतेपद आणि स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळवले, ते याच ५० मीटरच्या अंतरावर. त्या यशामागे किती बारीक मोजमापांवरची हुकमत असते, हे यावरून लक्षात यावे.

थंड हवा दाट असते, म्हणून ती गोळीला जास्त अडवते, हे कारण नेहमी सांगितले जाते. ते खरे आहे. ३० अंशांवरून १२ अंशांवर आलेली हवा सुमारे ६ टक्के दाट होते. मात्र बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्यामुळे येथील हवेचा दाब मुळातच कमी आहे, आणि हिशेब मांडला तर येथील गारठ्यातील हवा वेंगुर्ल्याच्या दमट, उबदार दुपारच्या हवेपेक्षाही किंचित विरळच निघते. शिवाय ५० मीटरवर या फरकाचा परिणाम अत्यल्प असतो.

ध्वनीच्या वेगाकडे मात्र लक्ष द्यायला हवे. ३० अंशांना ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४९ मीटर वेगाने जातो, १२ अंशांना ३३९ मीटरने. ३४५ मीटर वेगाने सुटणारी गोळी उन्हाळ्यात ध्वनीच्या मागे राहते. हिवाळ्यात तिचा वेग थोडा घटूनही ती बरोबर त्या सीमारेषेवर येऊ शकते, आणि त्या वेगाच्या आसपास हवेचे झोत गोळीला अस्थिर करतात. स्पर्धेची काडतुसे मुद्दाम या सीमेच्या बरीच खाली ठेवलेली असतात, ती याचसाठी.

दहा मीटरच्या एअर रायफलमध्ये दारू नसते. तिच्या नळकांड्यात ३० अंशांना भरलेला २०० बारचा दाब १२ अंशांना १८८ वर येतो, पण मधला रेग्युलेटर (दाब नियंत्रित करणारी झडप) अर्ध्या ग्रॅमच्या छऱ्यामागचा दाब जवळपास सारखा ठेवतो. पोलादी नळीचे आकुंचन तर पाऊण मीटरच्या नळीतही मिलिमीटरच्या दशांशातच मोजावे लागते. त्याची चिंता नको.

तेलाची गोष्ट वेगळी आहे. नव्या रायफलीत साठवणुकीसाठी लावलेले तेल आणि ग्रीस, थंडीत बाटलीतले खोबरेल थिजावे तसे, घट्ट होते. काडतूस पेटवणारी फायरिंग पिन कधी जोरात, कधी मंद आदळते आणि काडतुसे कमी-जास्त पेटतात. अशा वेळी छिद्रे एकाखाली एक, उभ्या रेषेत पडतात. नळीत उरलेल्या तेलाने पहिली गोळी बाकीच्यांपासून दूर जाते. त्यामुळे नळीतून कोरडी चिंदी ओढल्यावर आणि पहिल्या काही गोळ्या सोडून दिल्यावरच ग्रुप, म्हणजे एकाच नेमाने मारलेल्या गोळ्यांच्या छिद्रांचा पुंजका, मोजावा. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र १९२२ पासून येथे आहे. सैन्यातून आलेल्या जाणत्या माणसाला रायफल झिरो करायला, म्हणजे गोळी नेमावर लागेल अशी साइट बसवायला, सांगितले, तर तोही एका छिद्रावरून साइट फिरवणार नाही.

आता हात. बोटे गारठली की मज्जातंतूंतील संदेश दर अंशामागे सेकंदाला दीड-दोन मीटरने मंदावतो आणि त्वचेची जाणीव बोथट होते. स्पर्धेच्या रायफलीचा चाप शंभर ग्रॅमपेक्षाही कमी दाबाने सुटेल असा जुळवता येतो. त्यावर बोट टेकले आहे की नाही हेच कळेनासे झाले, तर गोळी नेम स्थिरावण्याआधीच सुटते. त्यात अंगाची बारीक थरथर मिसळली की छिद्रे चारही दिशांना विखुरतात.

एकमेकांना चिकटलेली, पण सगळी मिळून खाली उतरलेली छिद्रे थंड दारूची साक्ष देतात. घट्ट ग्रुप एका बाजूला सरकला असेल तर साइट फिरवावी. आणि विखुरलेला ग्रुप दिसला तर, माझ्या मते, रायफलीला दोष देण्याआधी हात चोळून ऊब आणावी आणि पुन्हा पाच गोळ्या माराव्यात. दहा वाजता ऊन बाकावर आले की उघड्यावरची काडतुसे तापतात आणि त्याच रायफलीच्या गोळ्या वर चढू लागतात. म्हणून पेटी सावलीत ठेवावी आणि प्रत्येक ग्रुपशेजारी तापमान लिहावे. जानेवारीत १३ अंशांना बसवलेली साइट एप्रिलच्या ३५ अंशांत काही क्लिक (साइट फिरवण्याचे खटके) खाली आणावी लागते. किती, ते या नोंदींवरूनच काढता येते.