कुटुंबरचना व बालकल्याण

मूल आई-वडील दोघांजवळ, त्यांपैकी एकाजवळ, सावत्र पालकांकडे, आजी-आजोबांकडे की संस्थेत वाढते, याचा त्याच्या आरोग्यावर, शिक्षणावर आणि पुढील आयुष्यातील संधींवर होणारा परिणाम. समाजशास्त्र, मानसशास्त्र व अर्थशास्त्र या तिन्ही शाखांत याचा अभ्यास होतो. अमेरिकेतील कृष्णवर्णीय कुटुंबांवर डॅनियल पॅट्रिक मॉयनिहान यांनी 1965 साली लिहिलेल्या अहवालानंतर हा विषय राजकीय वादातही सापडला. गरिबीचे व वर्णभेदाचे खापर कुटुंबांवरच फोडले जात असल्याची टीका तेव्हा झाली, आणि ती अनाठायी नव्हती.

सारा मॅक्लानहन व गॅरी सँडेफर यांनी 1994 मध्ये अमेरिकेतील मोठ्या सर्वेक्षणांच्या आधारे दाखवले, की एकपालक कुटुंबातील मुलांत शाळा अर्धवट सोडण्याचे प्रमाण दोन्ही पालकांजवळ वाढणाऱ्या मुलांच्या जवळपास दुप्पट असते. या तफावतीचा सुमारे निम्मा भाग केवळ कमी उत्पन्नामुळे पडतो, हेही त्यांनीच मांडले. निष्कर्षाचा हा दुसरा भाग चर्चेत बहुतेक वेळा गळून पडतो. एकट्या पालकाच्या घरात पगार एकच येतो, आणि तो मिळवण्यात दिवसाचे तासही त्याच माणसाचे जातात. संध्याकाळी गणित अडले तर विचारायला कोणी नसते. मुलाला ताप आला की रजा कोणी घ्यायची हे ठरवायला दुसरे माणूस नसते. पगार कापला गेला तरी ती त्या एकालाच घ्यावी लागते.

ही सगळी सरासरीची गणिते आहेत. पॉल अमाटो व ब्रूस कीथ यांनी 1991 मध्ये 92 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा घटस्फोटित पालकांची मुले बहुतेक बाबतींत मागे आढळली, मात्र हा फरक लहान होता. पालकांतील भांडणाचे वजन इथे फार मोठे आहे. सतत धुमसणाऱ्या घरातील मुले आई-वडील वेगळे झाल्यावर पुष्कळदा सावरतात. याउलट, वरवर शांत दिसणारा संसार मोडतो तेव्हा मुलाला त्याची पूर्वकल्पनाच नसते आणि धक्का अधिक बसतो. मुलांसाठी एकत्र राहावे, हा सल्ला म्हणूनच सरसकट देता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेतील नवव्या कलमाने विभक्त पालकांच्या मुलाचा दोघांशीही नियमित संपर्क ठेवण्याचा हक्क मान्य केला आहे. मुलाच्या हिताला बाध येत असेल, तर मात्र अपवाद आहे.

अस्थिरता हा वेगळाच घटक. पालक विभक्त झाले, की अनेकदा घर बदलते आणि त्याबरोबर शाळा, मित्र, ओळखीचे शिक्षकही सुटतात. नवा जोडीदार येऊन पुन्हा गेला, तर मुलाला हे सारे दुसऱ्यांदा सोसावे लागते. आजी-आजोबा, मामा, मावशी अशी जवळची माणसे अशा वेळी मोठा आधार ठरतात.

परिणाम एका घरापुरता राहत नाही. राज चेट्टी व सहकाऱ्यांनी 2014 मध्ये अमेरिकेतील भागांची तुलना केली. ज्या भागात एकपालक कुटुंबे जास्त, तिथे गरीब घरातील मुले वर सरकण्याची शक्यता कमी आढळली, आणि हे दोन्ही पालक असलेल्या मुलांनाही लागू होते. हा सहसंबंध आहे. कारण अजून वादग्रस्त आहे.

कुटुंबच नसेल तर काय होते, याचा सर्वांत भक्कम पुरावा रुमानियातील बुखारेस्टचा आहे. तिथल्या संस्थांतील 136 लहानग्यांपैकी सुमारे निम्म्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तशा यादृच्छिक पद्धतीने निवडून पालनकर्त्या कुटुंबांत पाठवले गेले. संस्थेत राहिलेल्या मुलांपेक्षा त्यांची बुद्ध्यंकात व भावनिक जवळिकीत प्रगती झाली. दोन वर्षांचे होण्याआधी घर मिळालेल्यांना त्याचा सर्वाधिक लाभ झाला. ही कुटुंबे त्यांच्या रक्ताची नव्हती.